‘क’ म्हणजे भाव: तक्त्यावरून चलनाचा स्थिरांक काढताना

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी आठवीत, ‘चलन’ हा धडा सुरू आहे. घरी अभ्यास घेताना दोन तक्ते आले.

पहिला तक्ता:
क्ष : ४, ७, १०, १५
य : ४८, ८४, १२०, १८०

मुलीने चलनाचा स्थिरांक १२ काढला. वहीत चूक अशी खूण होऊन आली, बरोबर उत्तर १/१२.

दुसरा तक्ता:
क्ष : २, ३, ५, ८
य : ११, १६, २६, ४१

इथे तिने ११ ला २ ने भागून ५.५ लिहिलं. तेही चूक. ताई विचारतात, “भागाकार तर दोन्हीकडे बरोबर आहे, मग उत्तर चुकलं कुठे? आणि पहिल्या जोडीवरून स्थिरांक काढायचा की सगळ्या जोड्या पाहायच्या?”

ताई, भागाकार बरोबरच आहे. पहिल्या तक्त्यात पोरीने भाव उलट्या बाजूने सांगितला, आणि दुसऱ्यात जिथे भावच नव्हता तिथे भाव सांगितला. या दोन चुका फार वेगळ्या आहेत. पहिलीला मी अर्धे गुण दिले असते, कदाचित पूर्णही. दुसरीला मात्र दिले नसते.

मी एकतीस वर्षं गणित शिकवलं, तेही कापसाच्या गावांत. पुस्तकातल्या एक्स-वायला जुन्या सवयीने क्ष आणि य म्हणतो, आणि स्थिरांकाच्या ‘के’ला नुसता ‘क’. तुम्हीही तसंच वाचा. पहिली काही वर्षं मीही फळ्यावर ‘य भागिले क्ष’ लिहून मोकळा व्हायचो. मुलं भागायची, उत्तर यायचं, आणि तुमच्या दुसऱ्या तक्त्यासारखा तक्ता आला की वर्गातली निम्मी पोरं घसरायची. एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीत वावरात वेचणीचा हिशेब लिहायला बसलो होतो, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

वेचणीची संध्याकाळ तुम्हाला नवी नाही. धुऱ्यावर काटा टांगलेला, बाया आपापली गाठोडी घेऊन ओळीने उभ्या, कोणीतरी वहीत वजन लिहून घेतंय. समजा त्या दिवशी दर किलोला ९ रुपये होता. वही अशी दिसेल:

वजन, किलो : २३, ३१, १८, ४०
मजुरी, रुपये : २०७, २७९, १६२, ३६०

आता यातल्या एकतीस किलोवालीच्या हातात चुकून २७० रुपये पडले तर काय होईल? शाळेचं तोंडही न पाहिलेली बाई तिथल्या तिथे म्हणते, “मास्तर, मले एका किलोचे पैसे कमी आले.” तिने भागाकार केलेला नसतो. बाकी तिघींना ज्या भावाने मिळाले त्याच भावाने आपल्याला मिळाले का, एवढंच ती पाहते. तुमच्या लेकीच्या धड्यात ‘चलनाचा स्थिरांक’ म्हणतात तो हाच. ओळी कितीही असोत, सगळ्यांना एकच भाव लागला असेल तर ते समचलन, आणि तो भाव म्हणजे ‘क’. एखाद्या ओळीला वेगळा भाव लागला की समचलन मोडलं, मग ‘क’ काढायचा प्रश्नच उरत नाही.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ‘क’ची किंमत काढायला एक जोडी पुरते. पण ‘क’ आहे की नाही हे ठरवायला सगळ्या जोड्या पाहाव्याच लागतात. तक्ता समचलनाचा आहे असं प्रश्नातच लिहिलं असेल तर सोपी वाटेल ती जोडी घ्या आणि भागा. तसं लिहिलं नसेल, तर आधी चारही भागाकार करा.

आता पहिला तक्ता. ४८ ÷ ४ = १२, ८४ ÷ ७ = १२, १२० ÷ १० = १२, १८० ÷ १५ = १२. समचलन पक्कं. मग १/१२ आलं कुठून?

भाव दोन बाजूंनी सांगता येतो. वरच्या वेचणीत ‘किलोला ९ रुपये’ म्हणा, किंवा ‘रुपयाला १/९ किलो’, म्हणजे साधारण १११ ग्रॅम म्हणा. दोन्ही खरं आहे. दुसऱ्या तऱ्हेने मजुरी कोणी सांगत नाही, एवढंच. बाजारात मात्र दोन्ही तऱ्हा चालतात. एकजण म्हणतो लिंबू दोन रुपयाला एक, दुसरा म्हणतो दहाला पाच. पुस्तकातला नियम असा आहे की वाक्यात ज्याचं नाव आधी, ते समीकरणात डावीकडे. ‘क्ष हे य शी समचलनात आहे’ असं लिहिलं, म्हणजे क्ष ∝ य, तर समीकरण होतं क्ष = क × य. त्यातून क = क्ष ÷ य = ४ ÷ ४८ = १/१२. आणि ‘य हे क्ष शी समचलनात आहे’ असं लिहिलं तर य = क × क्ष, आणि क = १२.

तुम्ही प्रश्नाचं मूळ वाक्य कळवलेलं नाही. पण उत्तर १/१२ दिलंय म्हणजे तिथे ‘क्ष ∝ य’ असणार. पोरीने वाक्य न वाचता मोठ्या संख्येला लहान संख्येने भागलं. हे माझ्या वर्गात रोज व्हायचं, कारण मोठ्याला लहानाने भागलं की उत्तर ‘चांगलं’ येतं आणि अपूर्णांकाची कटकट होत नाही. तिला एवढंच सांगा: भागाकाराआधी समीकरण लिहायचं. ‘क्ष = क × य’ ही ओळ वहीत आली की कोणाला कोणाने भागायचं ते आपोआप ठरतं, आणि तपासणाऱ्यालाही पोरीच्या मनात काय आहे ते दिसतं. प्रश्नात दिशाच दिलेली नसेल, नुसतं ‘तक्त्यावरून स्थिरांक काढा’ एवढंच असेल, तर ‘य = १२क्ष, म्हणून क = १२’ या उत्तराला चूक म्हणायचा अधिकार कोणालाच नाही, असं माझं मत आहे. दोन्ही बाजूंचे स्थिरांक एकमेकांचे व्यस्त असतात, १२ आणि १/१२. गुणाकार करून पाहिला की १ येतो.

दिशेसोबत एकक येतं, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. नुसता ‘१२’ अर्धवट आहे. बारा काय? रुपये दर किलो की किलो दर रुपया? वर्गात मी एककाशिवाय ‘क’ लिहू द्यायचो नाही. मुलं कुरकुरायची, पण ज्या पोराने ‘रुपये प्रति किलो’ लिहिलं त्याचा भाव कधी उलटा व्हायचा नाही.

एककाचं एक उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या घरात पडलेलं आहे: युरियाची गोणी. युरियात ४६ टक्के नत्र असतं. आज गोणी ४५ किलोची येते, म्हणजे गोणीत ४५ × ०.४६ = २०.७ किलो नत्र. तक्ता करू:

गोण्या : १, २, ३, ४
नत्र, किलो : २०.७, ४१.४, ६२.१, ८२.८

इथे ‘क’ आहे २०.७ किलो प्रति गोणी. पण हाच तक्ता गोण्यांऐवजी युरियाच्या किलोत लिहिला (४५, ९०, १३५, १८०) तर ‘क’ होतो ०.४६. खत तेच, नत्र तेवढंच; क्षचं एकक बदललं म्हणून स्थिरांक बदलला. आता मौजेची गोष्ट ऐका. २०१८ च्या आधी ही गोणी ५० किलोची होती, त्यात नत्र २३ किलो बसायचं. तेव्हापासून ‘एकरी दोन गोण्या’ हे ज्याच्या डोक्यात बसलंय, तो आजही दोनच गोण्या टाकतो आणि पिकाला ४६ च्या जागी ४१.४ किलो नत्र देतो. गोणीमागचा स्थिरांक घसरला हे त्याच्या हिशेबात आलंच नाही. किलोवाला स्थिरांक, ०.४६, मात्र जागचा हलला नाही, कारण तो खताचा गुण आहे. गोणीवाला स्थिरांक शिवणाऱ्याच्या हाती होता. पोरीला दोन्ही तक्ते शेजारी शेजारी करायला लावा. धड्यातली दहा उदाहरणं सोडवून जे कळणार नाही ते तिला इथे कळेल.

आता दुसरा तक्ता, ज्यावर मी गुण दिले नसते. भागाकार पाहा: ११ ÷ २ = ५.५; १६ ÷ ३ = ५.३३; २६ ÷ ५ = ५.२; ४१ ÷ ८ = ५.१२५. चार ओळी, चार भाव. समचलन नाही. इथे चलनाचा स्थिरांक नाही असंच लिहायचं, आणि ते ‘उत्तर आलं नाही’ असं समजून घाबरायचं नाही.

पण हा तक्ता साधा बिघडलेला तक्ता नाही, यात एक शिस्त आहे आणि पोरं तिलाच फसतात. क्ष २ वरून ३ झाला तेव्हा य ५ ने वाढला. ३ वरून ५ झाला, म्हणजे २ ने वाढला, तेव्हा य १० ने वाढला. ५ वरून ८, तेव्हा १५ ने. दर एका क्षमागे ५ ची सारखी वाढ आहे. काही हुशार मुलं हे ओळखतात आणि ऐटीत ‘क = ५’ लिहितात. सारखी वाढ आणि सारखा भाव यांत फरक आहे. या तक्त्याचा खरा नियम य = ५ × क्ष + १ असा आहे. तो वरचा १ सगळी गडबड करतो.

तो वरचा १ काय असतो ते बारदान्यावरून, म्हणजे रिकाम्या पोत्यावरून, कळतं. सोयाबीन डब्याने मोजून पोत्यात भरतोय आणि दर डब्यानंतर पोतं काट्यावर ठेवतोय असं समजा. एका डब्यात १२ किलो माल बसतो आणि ज्यूटचं रिकामं पोतं १ किलोचं आहे. काटा असा दाखवेल:

डबे : १, २, ३, ४
काट्यावरचं वजन, किलो : १३, २५, ३७, ४९

भागून पाहा: १३, १२.५, १२.३३, १२.२५. भाव घसरत जातोय, पण १२ ला कधी पोचत नाही. कारण प्रत्येक ओळीत पोत्याचा एक किलो बसलेला आहे. एका डब्यात तो ठळक दिसतो, चार डब्यांत वाटला जातो म्हणून झाकतो. आता प्रत्येक वजनातून बारदाना वजा करा: १२, २४, ३६, ४८. झालं समचलन, क = १२ किलो प्रति डबा. बाजार समितीत माल मोजताना बारदाना कापतात तो याचसाठी. शेतकऱ्याला भाव मालाचा मिळतो, पोत्याचा नाही.

तुमच्या तक्त्यातलाही १ वजा करून पाहा: १०, १५, २५, ४०. आता क्षने भागा, सगळीकडे ५. म्हणजे ‘य’ क्षच्या समचलनात नाही, पण ‘य वजा १’ आहे. आठवीच्या पेपरात एवढं कोणी मागत नाही. पोरीला उत्सुकता असेल तरच दाखवा.

हे ओळखायची सर्वांत सोपी कसोटी शून्याची. क्ष शून्य केला तर य शून्य होतो का, हे मनाशी विचारायचं. शून्य किलो कापूस वेचला तर मजुरी शून्य, म्हणून तिथे समचलन बसतं. शून्य डबे टाकले तरी काटा १ किलो दाखवतो, म्हणून बसत नाही. विजेचं बिल तसंच: महिनाभर एकही युनिट जाळलं नाही तरी ‘स्थिर आकार’ येतोच. मग युनिट आणि रक्कम यांचा तक्ता कितीही सरळ दिसला तरी त्यात ‘क’ शोधायला जाऊ नका. त्याउप्पर युनिटचे टप्पे पडले की दरही बदलतो, ती वेगळीच भानगड. एसटीचं भाडंही किलोमीटरच्या समचलनात नसतं, ते ६ किलोमीटरच्या टप्प्याने चढतं. टप्प्यात दोन किलोमीटर गेलात काय आणि पाच गेलात काय, तिकीट तेच. गावच्या फाट्यावर उतरणाऱ्याला हे चांगलं माहीत असतं.

तक्त्यातच (०, ०) अशी जोडी दिली असेल तर तिच्यावरून ‘क’ काढायला जाऊ नका, शून्याला शून्याने भागता येत नाही. ती जोडी तक्ता समचलनाचा असू शकतो एवढीच खात्री देते. ‘क’ दुसऱ्या ओळीतून काढायचा. आणि (०, ३) अशी जोडी दिसली तर पुढचा एकही भागाकार न करता ‘समचलन नाही’ लिहून मोकळं व्हा. आलेखावर हीच गोष्ट डोळ्यांनी दिसते. समचलनाच्या बिंदूंची रेषा आरंभबिंदूतून जाते. बारदान्याची रेषाही सरळच असते, फक्त य-अक्षावर १ वर सुरू होते.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगतो. एका सहामाहीला पेपर मीच काढला होता. तक्त्यात चार जोड्या, तीन बरोबर, चौथीत माझ्याकडून आकडा चुकून पडला. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी पहिल्या जोडीवरून ‘क’ काढून दिला आणि पूर्ण गुण घेतले. मागच्या बाकावरच्या एका पोराने लिहिलं, ‘चौथी जोडी जुळत नाही, म्हणून समचलन नाही.’ मी पाहिलंही नाही, शून्य देऊन पुढे गेलो. पेपर वाटले तेव्हा तो उठून म्हणाला, “सर, काहून कापले? भागून तं पाहा.” भागून पाहिलं आणि खाली बसलो. अख्ख्या वर्गात तक्ता वाचणारा तो एकटाच होता. त्याचे गुण मी दिले. बाकीच्यांचे कापायची हिंमत झाली नाही, कारण चूक माझी होती. तेव्हापासून प्रत्येक पेपरात एक ओळ मुद्दाम बिघडवलेला तक्ता घालायला लागलो.

इथे एक शंका येते. प्रत्यक्ष मोजमापात तर भाव तंतोतंत कधीच सारखा येत नाही. मग पुस्तकाचा नियम वावरात चालतो का?

पुस्तकातल्या तक्त्यात शेवटच्या दशांशापर्यंत जुळलंच पाहिजे, तिथे सूट नाही. मोजलेल्या आकड्यांत मात्र थोडं मागेपुढे चालतं. जिनिंगचा उतारा घ्या. जिनिंगमध्ये कापसातली सरकी काढल्यावर रुई किती निघते, त्याला उतारा म्हणतात. आपल्याकडे तो साधारण ३४ टक्क्यांच्या आसपास धरतात, बाकी बहुतेक सरकी. रुईची एक गाठ १७० किलोची, म्हणून पाच क्विंटल कापसाला एक गाठ हा हिशेब. समजा तीन लॉट गेले:

कापूस, किलो : ५००, ८००, १२००
रुई, किलो : १७०, २७६, ४०२

भागाकार: ०.३४, ०.३४५, ०.३३५. सारखे नाहीत. पण कापसाची जात, ओल, कचरा यांनी एवढा फरक पडणारच. भाव एका दिशेने चढत किंवा घसरतही नाही, आधी चढला मग उतरला. बारदान्याच्या तक्त्यात भाव सतत एकाच बाजूला घसरत होता, ते लक्षात ठेवा. एकाच बाजूला सरकणारा भाव दिसला की तक्त्यात काहीतरी लपलंय असं समजायचं. इकडे तिकडे डोलणारा भाव असेल तर ती बहुधा मोजमापाची कसर असते. अशा वेळी एक ‘क’ लागतोच, तर मी तीन भागाकारांची सरासरी घेत नाही. एकूण रुई भागिले एकूण कापूस घेतो: ८४८ ÷ २५०० = ०.३३९२. सरासरी घेतली असती तर ०.३४ आली असती. फरक बारीक आहे, पण पाच क्विंटलच्या लॉटला आणि बारा क्विंटलच्या लॉटला सारखंच वजन देणं मला पटत नाही. परीक्षेत हे येणार नाही.

तुमच्या घरात कोणी जुनं माणूस असेल तर त्याला हाच हिशेब विचारून पाहा. ते ‘क’ काढतच नाहीत. ४ किलोला ४८ रुपये तर १५ किलोला किती? ते ४८ ला १५ ने गुणतात, ७२०, मग ४ ने भागतात, १८०. हे त्रैराशिक. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये हाच नियम दिला: फलाला इच्छेने गुणा, प्रमाणाने भागा. इथे ४ हे प्रमाण, ४८ हे फल, १५ ही इच्छा. आपण शाळेत आधी भागतो आणि मग गुणतो. फल भागिले प्रमाण हाच आपला ‘क’. उत्तर एकच येतं. पण आधी गुणण्यात एक शहाणपण आहे. ७ किलोला ५२ रुपये असतील तर ५२ ÷ ७ = ७.४२८५… संपतच नाही. पोरं ७.४३ धरतात, १५ ने गुणतात, १११.४५ येतं. आधी गुणलं तर ७८० ÷ ७ = १११.४३. दोन पैशांचा फरक पडला, पण चुकीचा पडला. म्हणून ‘क’ अपूर्णांकात ठेवायची सवय लावा: क = ५२/७, बस. दशांश शेवटी.

व्यस्त चलन याच धड्यात लगेच पुढे आहे, म्हणून तेही थोडक्यात. तिथे भागाकाराऐवजी गुणाकार तपासायचा, क्ष × य = क. पुस्तकात बहुतेक वेळा मजूर आणि दिवस असतात: निंदणाला ४ बाया ३ दिवस, ६ बाया २ दिवस, १२ बाया १ दिवस. गुणाकार १२, आणि त्याचं एकक बाया-दिवस. (बत्तीस बाया एका एकरात उतरवल्या तर निंदण होण्याऐवजी गप्पाच होतील, पण पुस्तक ते मानत नाही.) मला कपाशीच्या लागवडीचं उदाहरण जास्त आवडतं:

एका झाडाला जागा, चौरस फूट : ३, ४, ६, ८
एकरी झाडं : १४५२०, १०८९०, ७२६०, ५४४५

म्हणजे ३ × १ फूट, ४ × १, ३ × २, ४ × २ अशी अंतरं. प्रत्येक ओळीचा गुणाकार करा, ४३,५६० येतो. हा आकडा ओळखीचा आहे ना? एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. ‘क’ कुठून आकाशातून पडलेला नाही. तुमचं वावरच तो स्थिरांक आहे. झाडं किती लावायची हे अंतर ठरवतं, पण गुणाकार एकराच्या बाहेर जाऊ शकत नाही. पोरीला म्हणा, ४ × १.५ फुटावर किती झाडं बसतील ते काढ. तक्त्यातच उत्तर दिसेल, कारण ४ × १.५ म्हणजेही ६.

इथली नेहमीची चूक अशी की क्ष वाढताना य कमी होतोय एवढं पाहून पोरं ‘व्यस्त’ लिहून टाकतात. क्ष १, २, ३, ४ आणि य १२, १०, ८, ६ असेल तर य कमीच होतोय, पण गुणाकार १२, २०, २४, २४. व्यस्त चलन नाही. कमी होणं पुरेसं नाही, गुणाकार सारखा आला पाहिजे.

एक शेवटचा प्रकार, कारण पुढच्या वर्गात लागेल आणि विहिरीमुळे तो आपल्या जवळचा आहे. गोल विहिरीच्या दर फूट खोलीमागे किती घनफूट पाणी बसतं, ते पाहा (π, म्हणजे ‘पाय’, ३.१४ धरून):

व्यास, फूट : १०, २०, ३०
पाणी, घनफूट : ७८.५, ३१४, ७०६.५

भागाकार ७.८५, १५.७, २३.५५. समचलन नाही. गुणाकारही सारखे नाहीत. पण व्यास दुप्पट झाला तेव्हा पाणी चौपट, तिप्पट झाला तेव्हा नऊपट. असं दिसलं की य ला क्षच्या वर्गाने भागायचं: ७८.५ ÷ १००, ३१४ ÷ ४००, ७०६.५ ÷ ९००. तिन्ही ०.७८५. ‘क’ सापडला, आणि तो म्हणजे पायचा चौथा हिस्सा. वीस फुटाची विहीर दहा फुटाच्या विहिरीच्या दुप्पट पाणी धरेल असं समजून बसलेले लोक मी पाहिले आहेत. सारख्या खोलीला ती चौपट धरते. खोदायचा खर्चही त्याच मानाने वाढतो, हे मात्र त्यांना बरोबर माहीत असतं.

आता पोरीला हे तीन तक्ते द्या. प्रत्येकात सम, व्यस्त की दोन्ही नाही ते ठरवायचं, आणि ‘क’ असेल तर समीकरण आधी लिहून मग काढायचा.

क्ष : ६, ९, १४, २२
य : २१, ३१.५, ४९, ७७

क्ष : ४, ६, १०, १५
य : ४५, ३०, १८, १२

क्ष : ५, ८, १२, २०
य : ३२.५, ५२, ७६, १३०

तिसऱ्यातली एक ओळ मी मुद्दाम बिघडवली आहे. कोणती, ते तिला सांगू नका.